माळ्याची किंमत जिन्यावर ठरते

वाशिम जिल्ह्यातील शेतकरी घराला वस्तू ठेवण्याची जागा सहसा पुरत नाही, कारण सोयाबीन, तूर आणि हरभरा या पिकांसाठी जी अवजारे, पाईप, ताडपत्र्या आणि बारदाना जमा होतो, त्यातील बराचसा भाग वर्षातून एखाद-दोन महिनेच कामी येतो आणि उरलेला काळ त्याला कोठेतरी कोरडे पडून राहावे लागते. वऱ्हाडातील जुन्या घरांत लाकडी सऱ्यांवर फळ्या टाकून केलेला माळा हे काम करीत असे, आणि धान्य मात्र खाली, तुऱ्हाट्यांच्या किंवा बांबूच्या कामट्यांनी विणून शेणामातीने लिंपलेल्या कणगीत राहत असे. आता घराशेजारी ट्रॅक्टरसाठी किंवा मोटारीसाठी टिनपत्र्याची शेड उभी राहते, आणि तिच्या भिंतींच्या माथ्यापासून आढ्यापर्यंतची पोकळी बहुधा रिकामीच राहते. ही पोकळी वापरात आणण्याचा विचार अनेक घरांत होतो, त्यासाठी फळ्याही टाकल्या जातात, परंतु वर जाण्याची वाट धड नसल्यामुळे असा माळा थोड्याच दिवसांत नको असलेल्या वस्तूंचे आगर बनतो आणि दिवाळीच्या साफसफाईपुरताच आठवतो. म्हणून या कामातील पहिला खर्च फळ्यांवर न होता जिन्यावर व्हावा, असे ठामपणे म्हणावेसे वाटते.

भिंतीला टेकवलेली सुटी शिडी ही सर्वांत स्वस्त वाट असली, तरी हातात ओझे घेऊन चढण्यासाठी ती योग्य नाही, कारण शिडीवर दोन्ही हात धरायला मोकळे असावे लागतात. शिडीच वापरायची असेल, तर चार फूट उंचीला एक फूट या हिशेबाने तिचा पाय भिंतीपासून दूर असावा आणि तिचे वरचे टोक माळ्याच्या कडेपेक्षा किमान तीन फूट वर जावे, म्हणजे पाय उचलून माळ्यावर ठेवताना धरायला काहीतरी हाताशी राहते. पडण्याचे प्रसंग चढण्यापेक्षा उतरताना, नेमक्या या कडेवर अधिक येतात, कारण उतरणाऱ्याला पाठमोरे होऊन पायानेच पहिला दांडा शोधावा लागतो. घरात माळ्यावर चढण्याचे काम बहुधा स्त्रियांच्या वाट्याला येते, लुगडे किंवा साडी सावरत आणि कमरेवर डबा घेऊन त्या चढतात, आणि हे श्रम व हा धोका कोणत्याही हिशेबात धरला जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

पक्का जिना करायचा तर जागेचा हिशेब आधी मांडावा लागतो. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या घरातील पायरीची उंची 190 मिलिमीटरपेक्षा जास्त आणि पाय ठेवण्याची रुंदी 250 मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. या मापाने नऊ फूट उंचीवरील माळ्यापर्यंत पंधरा चढ आणि चौदा पायऱ्या लागतात, म्हणजे जमिनीवर सुमारे साडेतीन मीटर, अर्थात साडेअकरा फूट लांबी जाते. वीस-पंचवीस फूट लांबीच्या ट्रॅक्टर शेडमध्ये एका भिंतीलगत एवढी जागा निघू शकते आणि जिन्याखालच्या कोपऱ्यात डवरे, तिफण यांसारखी अवजारेही उभी राहतात. मोटारीच्या लहान गॅरेजमध्ये मात्र हा जिना बसत नाही. तेथे लोखंडी चौकोनी पाईपचा, दोन्ही बाजूंना कठडा असलेला उभट जिना भिंतीला बिजागरीने जोडून वर उचलून ठेवता येतो, आणि गावातील वेल्डिंगच्या दुकानात असा जिना मापाप्रमाणे तयार होऊ शकतो. माळ्याच्या तोंडाची चौकट मात्र सढळ ठेवावी, निदान अडीच फूट रुंद आणि चार ते पाच फूट लांब, कारण भरलेले पोते व ते उचलणारा माणूस दोघेही तेथून वाकल्याशिवाय जायला हवेत.

जड वस्तूंसाठी जिन्यापेक्षा कप्पी अधिक चांगली. विहिरीवर असते तशी एकच स्थिर कप्पी आढ्याच्या बाजूला बसवली, तर ती केवळ ओढण्याची दिशा बदलते, ओझे कमी करीत नाही. परंतु ओझ्याबरोबर वर सरकणारी दुसरी कप्पी दोरात अडकवली, तर 50 किलोचे पोते वर घेण्यासाठी साधारण 25 किलोचा, घर्षण धरून थोडा अधिक जोर पुरतो, आणि त्याच्या मोबदल्यात दोर दुप्पट ओढावा लागतो. ही कप्पी लटकवण्यासाठी छपराच्या कैचीचा आधार घेऊ नये, आणि याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे.

छपराची कैची म्हणजे लोखंडी पाईपांचे किंवा लाकडी वाशांचे त्रिकोण जोडून केलेला सांगाडा असतो, ज्यात वरचे दोन तिरके वासे छपराच्या भाराने बाहेर फाकू पाहतात आणि खालचा आडवा भाग त्यांना ताणून धरतो. हा आडवा भाग ताण सोसण्यासाठी योजलेला असतो, त्याच्यावर मधोमध भार ठेवला म्हणजे तो वाकतो, आणि माळ्याची उंची वाढावी म्हणून तो कापला तर भिंती हळूहळू बाहेर ढकलल्या जातात. त्यामुळे माळ्याची जमीन कैचीला न टांगता भिंतीवर बसवलेल्या गर्डरवर किंवा स्वतंत्र खांबांवर उभी करावी. तुळई किंवा पाईप निवडताना तिची उभी जाडी महत्त्वाची असते, कारण आडव्या तुळईचा कणखरपणा उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यामुळे उंची दुप्पट केली तर ती आठपट कमी वाकते. म्हणूनच चपट्या बाजूवर टाकलेली चार बाय दोनची कडी झोळीसारखी लवते आणि उभ्या बाजूवर टाकलेली तीच कडी ताठ राहते.

भाराचा अंदाज घरबसल्याही करता येतो. भारतीय मानकांनुसार राहत्या खोल्यांची जमीन दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार सोसेल अशी धरली जाते. सोयाबीनचे 50 किलोचे आडवे पोते साधारण अर्धा चौरस मीटर जागा व्यापते, म्हणजे पोत्यांचा एक थर दर चौरस मीटरला 100 किलो होतो आणि दोन थरांतच ही मर्यादा गाठली जाते. डोक्यावरचा भार भूकंपात किती घातक ठरतो, हे 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाने दाखवून दिले, जेथे मातीत बांधलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरील जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. वाशिमला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यातही 2024 मध्ये 4.5 तीव्रतेचे धक्के बसले आहेत, त्यामुळे पोत्यांच्या थप्प्या माळ्यावर चढवण्याचा मोह टाळावा.

शिवाय धान्याला टिनाखालचा माळा मानवतही नाही. मे महिन्यात येथील पारा 42 अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या लगतची हवा त्याहून कितीतरी तापते, तर पावसाळ्यात थंड पत्र्याच्या आतल्या अंगाला वाफेचे थेंब धरतात. सोयाबीनच्या बियाण्याचे वरचे आवरण फार पातळ असते. म्हणूनच कृषी विभाग घरचे बियाणे उंचावरून आदळू नये, त्याच्या थप्प्या फार उंच लावू नयेत आणि ओलावा 12 टक्क्यांपेक्षा जास्त राहू देऊ नये असे सांगतो. उगवण 70 टक्क्यांपेक्षा खाली आली, तर एकरी 30 किलोची नेहमीची मात्रा पुरत नाही. त्यामुळे असे बियाणे माळ्यावर तापवण्यापेक्षा खालच्या थंड खोलीत, जमिनीपासून उचललेल्या लाकडी फळीवर राहिलेले बरे. भाव पडलेला असताना माल थोपवून धरायचा असेल, तर महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची 1990-91 पासून चालू असलेली शेतमाल तारण कर्ज योजना उपलब्ध आहे, जिच्यात योजनेत सहभागी बाजार समितीकडे ठेवलेल्या सोयाबीन-तुरीच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते.

एक इशारा मात्र निक्षून द्यायला हवा. राहत्या खोलीवरच्या माळ्यावर धान्य ठेवून त्यात कीडनाशक गोळ्या टाकणे जीवघेणे आहे, कारण ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळीतून निघणारा फॉस्फिन वायू हवेपेक्षा जड असतो, फळ्यांच्या फटींतून खाली उतरतो आणि झोपलेल्या माणसांपर्यंत पोचतो. फवारणीची औषधेही माळ्यावर तापत ठेवू नयेत. त्यांना कुलूपबंद, हवेशीर आणि धान्यापासून दूर असलेली जागा लागते. ट्रॅक्टरच्या शेडमध्ये उभ्या धुरांड्याच्या थेट वर कुटार, बारदाना किंवा डिझेलचा डबा ठेवणे हीदेखील आगीला दिलेली संधी होय.

मग माळ्यावर ठेवावे काय, तर हलक्या, मोठ्या आकाराच्या आणि ठराविक हंगामात लागणाऱ्या वस्तू. त्यांची मांडणी शेतीच्या वेळापत्रकाप्रमाणे केली, तर वर गेल्यावर शोधाशोध करावी लागत नाही: सोयाबीन काढणीच्या ताडपत्र्या आणि बारदाना ऑक्टोबरआधी तोंडाशी यावा, हरभऱ्याला पाणी देण्याचे तुषार संचाचे पाईप त्यानंतर उतरवता येतील असे एका बाजूला लांबीत रचावेत, आणि ते खाली गेले की रिकाम्या जागेत पुढच्या हंगामाच्या वस्तू सरकवाव्यात. मधोमध दोन फुटांची वाट कायम मोकळी राहावी. दिव्याचे बटण जिन्याच्या पायथ्याशी असावे, म्हणजे अंधारात चाचपडत वर जावे लागत नाही. ठिबकच्या नळ्यांची वेटोळी भिंतीवर पसरून न ठेवता तारेने टांगलेली बरी, कारण उंदीर व खारी या नळ्या कुरतडतात आणि त्यांची छिद्रे पाणी सुरू केल्यावरच दिसतात. पत्रा आणि भिंत यांच्यामधील फट बारीक जाळीने बंद केली, तर उंदरांची वाट अडते आणि वाऱ्याची मात्र खुली राहते.