आधी माणूस लपवा, मग इमारत

पाणथळीकाठी पर्यटक केंद्र बांधायचं काम निघालं की मागण्यांच्या यादीत एक ओळ हमखास असते : ‘इमारत निसर्गाशी एकरूप असावी.’ तिचा अर्थ बहुतेक वेळा असा लावला जातो की भिंतींना हिरवा रंग द्यायचा, सिमेंटच्या खांबांवर झाडाच्या सालीची नक्षी काढायची आणि दारात काँक्रीटचा बगळा उभा करायचा. मी वास्तुरचनाकार आहे, पण पक्षी पाहण्याचं वेड त्याहून जुनं आहे. असा बगळा दिसला की मला मनापासून वाईट वाटतं. पाण्यावर बसलेल्या बदकाला भिंतीचा रंग फारसा खुपत नाही. जागची न हलणारी भिंत त्याच्या सवयीची होते. ते उडतं ते हालचालीने : आभाळासमोर ठळक दिसणारी माणसाची आकृती, बोट दाखवणारा हात, कठड्याकडे धावत सुटलेलं मूल. म्हणून अशा इमारतीचं पहिलं काम माणसाला लपवण्याचं असतं. ती स्वतः किती दिसते, हे नंतर बघता येतं.

हे काम नीट कसं होतं ते मी हाँगकाँगच्या वेटलँड पार्कमध्ये पाहिलं. शहराच्या वायव्य भागात तिन शुई वाई नावाचं उपनगर आहे. मासे वाढवायची तळी बुजवून ते वसवलं. वस्ती वाढत गेली तशी पाणथळ घटत गेली. त्या नुकसानीची भरपाई म्हणून काही जमीन पक्ष्यांसाठी राखायचं ठरलं आणि पुढे त्याच जमिनीवर सुमारे 61 हेक्टरांचं उद्यान उभं राहिलं. 2006 च्या मे महिन्यात ते पूर्ण रूपात लोकांसाठी खुलं झालं. दक्षिणेला उंचच उंच निवासी इमारतींची भिंत आणि उत्तरेला माय पोचा दलदलीचा प्रदेश, जो 1995 पासून रामसर या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आहे. काळ्या तोंडाचा चमचा हा दुर्मीळ पक्षी हिवाळ्यात या भागात येतो. एका बाजूला लाखोंची वस्ती, दुसऱ्या बाजूला हा पाहुणा, आणि मधे सुमारे 10,000 चौरस मीटरची इमारत. ती बांधली सरकारच्या वास्तुविभागाने.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा ट्रामसारख्या गाडीतून उतरून प्रवेशद्वारापाशी आले आणि इमारत शोधू लागले. समोर होती हळूहळू चढत जाणारी गवताळ टेकडी. ती टेकडी म्हणजेच छत. शहराकडच्या बाजूला ते जवळजवळ जमिनीला टेकलेलं आहे आणि पाणथळीच्या दिशेने उंच होत जातं. आत शिरेपर्यंत पाण्याचा थेंबही दिसत नाही. आत मात्र उत्तरेकडची उंच काच समोर येते आणि तिच्यापलीकडे सगळी पाणथळ पसरलेली असते.

या उतारात बरीच अक्कल आहे. शहराचे दिवे, गाड्या, शाळांच्या सहलींचा गलका हे सगळं टेकडीच्या अलीकडे राहतं. त्याच उतारामुळे दक्षिणेचं ऊन गवत आणि माती झेलतात आणि काच येते उत्तरेला, जिथे थेट ऊन कमीत कमी पडतं. हाँगकाँग आपल्या बडोद्याच्याच अक्षांशावर आहे, त्यामुळे ही गोष्ट आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडते. पाणथळीचा देखावा पश्चिमेला ठेवून मोठी काच लावली, तर दुपारभर वातानुकूलन यंत्र घरघरत राहणार आणि त्याचा गरम वारा शेवटी पाण्याकडेच जाणार. हाँगकाँगच्या या केंद्रात थंडाव्यासाठी जमिनीत खोल नळ्या पुरल्या आहेत. इमारतीतली उष्णता त्या नळ्यांतून जमिनीत सोडली जाते. छतावर पंख्यांची रांग नाही, त्यामुळे गवताची रेघ सलग राहते.

छतावर गवत म्हटलं की लोकांना ते सोपं वाटतं. वाफा भरावा तशी माती पसरून चालत नाही. खाली पाणी अडवणारा थर, त्यावर मुळं अडवणारा, मग पाणी वाहून नेणारा, मग गाळणीचं कापड आणि त्यावर हलकी केलेली माती. साध्या मातीचा 15 सेंटिमीटरचा थर भिजला की चौरस मीटरला अडीचशे किलोच्या पुढे वजन जातं, आणि खाली जमीन असते दलदलीची. म्हणजे छत ठरवण्याआधी पाया ठरवावा लागतो. एका गोष्टीबद्दल मात्र माझं मन साशंक आहे. या छतावर लोकांना फिरता येतं, आणि टेकडीच्या माथ्यावर उभा राहिलेला माणूस पक्ष्याला फार दुरून दिसतो. मी असते तर माथ्याच्या अलीकडे दाट झुडपांची एक पट्टी ठेवून वाट तिथेच वळवली असती.

काचेचं कामही तितकंसं सोपं नाही. काचेत आभाळ उमटतं आणि पक्षी ते खरं समजून थेट येऊन आदळतात. काच तिरपी ठेवणं, तिच्यापुढे लाकडी पट्ट्या बसवणं, बाहेरच्या अंगाला जवळजवळ ठिपके काढणं असे उपाय आहेत. ससाण्याचं एकच मोठं चित्र चिकटवून भागत नाही, पक्षी त्या चित्राच्या बाजूने येऊन आदळतो.

या सगळ्या उद्यानात मला सर्वांत आवडली ती लपणं. केंद्रापासून दूर, चिखलाचा सपाट पट्टा, मत्स्यतळं आणि ओढा यांच्या काठी ती बांधली आहेत. लपण म्हणजे फटी असलेली लाकडी खोली, एवढंच. पण ती करायला खरं कौशल्य लागतं. लपणाकडे जाणारी वाट दोन्ही बाजूंनी झाकलेली हवी, नाहीतर माणूस आत शिरण्याआधीच पाणी रिकामं होतं. आपल्याकडे यासाठी कूड किंवा बांबूच्या तट्ट्या उत्तम. दार मागच्या बाजूला असावं आणि मागच्या भिंतीला खिडकी अजिबात नसावी, कारण मागून उजेड आला की फटीतून आपली सावली दिसते. फट बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असावी, आणि एक तरी फट लहान मुलासाठी आणि चाकाच्या खुर्चीसाठी खाली हवी. लाकडी फळ्यांची जमीन खालून पोकळ असेल तर प्रत्येक पाऊल ढोलासारखं वाजतं. चोपलेल्या मातीची जमीन त्याहून बरी. इतकं जमलं की शेकाट्या पाच हातांवर येऊन चरतो आणि आत बसलेली वीस मुलं आपणहून गप्प होतात. कुठल्याही माहितीफलकाने हे होत नाही.

पण हाँगकाँगचं उत्तर सगळीकडे चालत नाही. डेन्मार्कमधल्या रीबे गावाजवळ, वाडन समुद्राच्या काठी, डोर्टे मँड्रप या वास्तुरचनाकार बाईंनी 2017 मध्ये पूर्ण केलेलं केंद्र आहे. तिथे छतच नव्हे, तर भिंतीसुद्धा बोरूसारख्या उंच गवताने शाकारल्या आहेत. त्या भागातली जुनी शेतघरं तशीच शाकारलेली असतात. तिथे गवताची टेकडी उभी केली असती तर ती परकी दिसली असती, कारण तो मुलूखच सपाट आहे. हाँगकाँगचं छत उचलून आपल्या भिगवणच्या पाणथळीवर आणून ठेवण्यात म्हणूनच अर्थ नाही. उचलायची ती विचार करायची रीत.

आपल्याकडचं नांदूर मध्यमेश्वर घ्या. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ दगडी बंधारा झाला, त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, बेटं झाली, पाणकणीस माजलं, आणि 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून ते जाहीर झालं. हिवाळ्यात तिथे तलवार बदकं आणि थापटे उतरतात. जमीन काळी, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. अशा मातीवर जड, पसरट इमारत तडकते. हलकी, मोजक्या खोल पायांवर उचललेली, पुराच्या पाण्याला खालून वाट देणारी रचना तिथे शोभते. तीसुद्धा गावाकडच्या बाजूला, बाभळींच्या आड. पाण्याजवळ फक्त लपणं असावीत. वाहनतळ तर गावातच ठेवावा आणि शेवटचं अंतर लोकांनी चालत जावं. चालताना आवाज आपोआप खाली येतो आणि वाटेत गावातल्या बायकांच्या हातचा चहा-भाकरीचा धंदाही होतो.

रात्रीच्या दिव्यांबद्दल कुणी बोलत नाही, पण मला त्यांची सर्वांत जास्त काळजी वाटते. तलावाकाठी रंगीत रोषणाई हे आता सुशोभीकरणाचं ठरलेलं कलम झालं आहे. रातबगळे रात्री चरतात आणि बदकंही बऱ्याचदा रात्रीच खातात. पर्यटक केंद्र संध्याकाळी बंद होतं, मग दिवे कुणासाठी? वाटेवर गुडघ्याच्या उंचीचे, खाली तोंड केलेले, पिवळसर दिवे पुरेत, आणि शेवटचा माणूस गेला की तेही बंद व्हावेत.

केंद्र सरकारच्या 2017 च्या पाणथळ संवर्धन नियमांनुसार, रामसर आणि अधिसूचित पाणथळींमध्ये, नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून 50 मीटरच्या आत बोटींचा धक्का सोडून कायमस्वरूपी बांधकाम करता येत नाही. तुमच्या तलावावर पर्यटक केंद्राचा आराखडा आला, तर तो ग्रामसभेत मागून घ्या आणि पूररेषा त्यावर आखून दाखवायला सांगा. मग माणसं कुठून चालत येणार आणि त्या वाटेवरून ती पाण्यावरून दिसणार की नाही, हे विचारा. उत्तर समाधानकारक नसेल तर आराखडा परत पाठवा.