चाळ गेली, गॅलरी गेली. शेजार कसा जमवाल?

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत ज्यांच्या संसाराची सुरुवात झाली, त्यांना हे वेगळं सांगायला नको. चाळीत कार्यक्रमाला माणसं बोलवावी लागत नसत. सभा होत, वर्गणीवरून वाद होत, पेटी कुणी आणायची यावर दोन दोन दिवस अबोलाही होई. पण माणसं जमवण्याचं निम्मं काम गॅलरीच करून टाकायची. खाली चौकात कुणी सूर धरला की तिसऱ्या मजल्यावरची बाई तांदळाचं ताट हातात घेऊनच कठड्याशी यायची. तिला आमंत्रण नको, तिकीट नको, साडी बदलायलाही नको. आमटीला उकळी आली की आत जायचं, परत यायचं.

आता या चाळी एकेक करून जाताहेत. बीडीडी चाळींतल्या खोल्या १६० चौरस फुटांच्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीही त्याच वाटेवर आहेत. घरातच न्हाणीघर, घरातच संडास, स्वयंपाकाला वेगळी जागा. याचा आनंद कुठल्या बाईला होणार नाही? सार्वजनिक नळाच्या रांगेत ज्यांची उमेदीची वर्षं गेली, त्यांच्यापुढे चाळीचे गोडवे गाऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण मैत्रिणींनो, नव्या घरात राहायला गेल्यावर एक गोष्ट दोन-चार महिन्यांतच जाणवते. दार बंद झालं की शेजार बंद. लिफ्टमध्ये भेटणारी बाई कोणत्या मजल्यावर राहते हे कळतं, पण ती गाते की नाही हे कळत नाही. पूर्वी जे काम गॅलरी आपोआप करायची, ते आता कुणीतरी मुद्दाम करायला हवं. ते तुम्हीच करावं, असं मी म्हणणार आहे. मात्र एक अट आहे: या वेळी फक्त चहा-पोह्यांच्या खात्यावर थांबायचं नाही.

अट का घालते, ते सांगते. आपल्या भागाचा सार्वजनिक कार्यक्रमांचा वारसा मोठा आहे. गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. १९०१ साली लोकमान्य टिळकांनी तिथे भेट दिली होती. आजही तिथली मूर्ती लहानशीच असते, हे मला फार आवडतं. गिरगावातच १९३५ साली मुंबई मराठी साहित्य संघ उभा राहिला. परळला ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचं दामोदर नाट्यगृह १९२२ सालचं. गिरणीत पाळी करून आलेल्या कामगारांनी तिथे नाटकं बसवली, स्वतः उभी केली. त्याच कामगारवस्तीपुढे १९४४ पासून अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक गात होतं. दादरला अमर हिंद मंडळाच्या वसंत व्याख्यानमालेला बिनतिकिटाचे श्रोते मांडी घालून बसत आले. या सगळ्यांत वर्गणी काढणारे, वक्ता ठरवणारे, पावतीपुस्तक सांभाळणारे बहुतेक पुरुष होते. बायका होत्या, पण गॅलरीत. नाहीतर पडद्यामागे, पातेल्यापाशी.

मग बायकांना जमवाजमव येत नव्हती का? छे! १९७२ नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या हाकेला ओ देऊन मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, थाळ्या वाजवल्या. त्या काही छापील पत्रिकांवरून आल्या नव्हत्या. एका बाईने दुसरीला सांगितलं, दुसरीने नळावर तिसरीला. आंदोलनासाठी ज्यांना हे जमलं, त्यांना गाण्याच्या एका संध्याकाळीसाठी का जमू नये?

आणखी एक उदाहरण मनात ठेवा. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ या संस्थेने नाटकं सुरू केली आणि मराठी प्रायोगिक रंगभूमीचं ते माहेरघर झालं. तिथे ना मखमली खुर्च्या, ना मोठा रंगमंच. शाळेची साधी जागा. ‘आविष्कार’च्या संस्थापकांपैकी एक, सुलभा देशपांडे, याच शाळेत शिक्षिका होत्या. जागा लहान, साधनं थोडी; पण रोजच्या ओळखीतून ती जागा हाताशी आली, हे महत्त्वाचं. तुमच्याही ओळखीत कुणी शाळेत आहे, कुणी देवळाच्या ट्रस्टवर, कुणी वाचनालयात. नाट्यगृहाच्या भाड्याचा आकडा ऐकून घाबरण्याआधी ही माणसं आठवून पाहा.

कारण जागा हाच पहिला तंटा असतो. पु. ल. देशपांड्यांच्या बटाट्याच्या चाळीतल्या मंडळींनी गच्चीसाठी केवढी चळवळ केली, ते तुम्ही वाचलंच असेल. हसून हसून पुरेवाट होते, पण ते हसू खरं आहे! आजही गच्चीला कुलूप असतं आणि किल्ली सेक्रेटरींकडे असते. तेव्हा तोंडी विचारू नका. लेखी अर्ज द्या. तारीख, वेळ, किती माणसं येतील, आणि ‘कार्यक्रमानंतर जागा झाडून देऊ’ हे वाक्य त्यात जरूर घाला. या एका वाक्याने पुष्कळ कुलुपं उघडतात. मोकळ्या जागेत लाऊडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा लावता येत नाही, हा नियम २००० सालापासून आहे. पण मी तर म्हणते, पन्नास माणसांसाठी लाऊडस्पीकर हवाच कशाला? ज्या बाईने दोन मजले खाली आवाज देऊन मुलं घरी बोलावली, तिला माइकची काय गरज!

आता करायचं काय? इथे बहुतेकजणी गडबडतात आणि बाहेरून कुणाला तरी बोलावतात. मंगळागौरीचे खेळ करणारे गट हल्ली पैसे देऊन आणता येतात. एकसारख्या नऊवारी, ठेक्यात फुगड्या, बघायला छान वाटतं. पण मग आपण सगळ्या पुन्हा खुर्चीत! शेजारीण शेजारणीला ओळखते ती तिच्यासोबत झिम्मा खेळताना, दम लागून दोघी एकदम खाली बसतात तेव्हा. भोंडला आठवा. मध्ये पाटावर हत्ती, भोवती फेर, गाणं कुणाला अर्धं येतं, कुणाला पुरं; आणि शेवटी खिरापत ओळखायची. त्यात प्रेक्षक असा कुणी नसतोच. हा नमुना धरून चाला.

आपल्या इमारतीत काय काय दडलेलं आहे, ते आधी शोधा. एक वही घ्या आणि दुपारच्या वेळी दोघी दोघींनी घरोघर जा. ‘तुम्ही कार्यक्रम कराल का?’ असं विचारू नका. उत्तर ‘छे हो, मला काय येतंय’ हेच येणार. ‘पूर्वी काय करत होता?’ असं विचारा. मग बघा. कुणी कामगार नाट्यस्पर्धेत काम केलेलं असतं, कुणी वर्षानुवर्षं भजनात मृदंग वाजवलेला असतो, कुणा आजोबांना गिरणीतल्या साच्यांची एकूणएक माहिती असते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणीसंप सुरू झाला, तेव्हा घर कसं चाललं हे त्या घरातली बाई जसं सांगेल, तसं कुणी प्राध्यापक सांगू शकणार नाही. तिला भाषण करायला लावू नका. समोर एक मुलगी बसवा आणि तिला प्रश्न विचारू द्या. अर्धा तास पुरे.

लालबागच्या बाजारात मिरची घ्यायला आपण सगळ्या जातो. पण मालवणी मसाल्यात कोणती मिरची रंगासाठी, कोणती तिखटासाठी, धणे किती भाजायचे, डंकावर कुटलेल्या मसाल्याला वेगळा वास का येतो, हे ज्या बाईला ठाऊक आहे तिचं ज्ञान व्याख्यानाच्या तोडीचं आहे. एप्रिलमध्ये, मसाले करायच्या दिवसांत, तिची एक संध्याकाळ ठेवा. समोर चार वाट्या मांडा, वास घ्यायला लावा. नव्या इमारतीत आलेली गुजराती शेजारीण, तेलुगू पद्मशाली कुटुंबातली सून, पलीकडच्या विंगमधली मुस्लिम बाई, प्रत्येकीकडे आपला मसाला आहे, आपली तऱ्हा आहे. भाषा अडली तर हात बोलतील.

आता जरा अवघड विषय. पुनर्विकासात पुष्कळ ठिकाणी जुन्या रहिवाशांची इमारत वेगळी आणि विकत घेणाऱ्यांची वेगळी असते, फाटकंही दोन. एकीकडे ‘ते बिल्डिंगवाले’, दुसरीकडे ‘ते चाळवाले’. मुलं एकाच शाळेच्या बसमध्ये चढतात आणि आया एकमेकींशी बोलत नाहीत. पहिला कार्यक्रम आपल्यातल्या आपल्यात करा, हरकत नाही. पण दुसऱ्याचं बोलावणं पलीकडच्या फाटकातही गेलं पाहिजे, आणि ते मोबाइलवरच्या निरोपाने नव्हे. दोघींनी जाऊन, दारात उभं राहून. चारजणी नाही म्हणतील. पाचवी येईल, आणि येताना बहुधा सासूला घेऊन येईल.

तसंच हळदीकुंकवाचं. जानेवारीत सगळ्यात सोपा, सगळ्यांच्या हातचा कार्यक्रम तोच. पण त्याच दिवशी आपल्याच मजल्यावरची नवरा गेलेली बाई दार लावून आत बसलेली असते. ती काही बोलत नाही, आपणही ‘रीत आहे’ म्हणून पुढे जातो. तीळगूळ समारंभ असं नाव द्या, सगळ्यांना बोलवा, आणि कार्यक्रमाची सुरुवात तिच्या हातून करा. सासूबाईंना आवडणार नाही कदाचित. त्यांच्याशी आदल्या दिवशी बोला, समारंभात नको.

पैशाचं थोडक्यात सांगते. घरटी थोडी वर्गणी घ्या, पावती द्या, खर्चाचा कागद दुसऱ्या दिवशी जिन्यापाशी लावा. कुणी पुढारी ‘सगळा खर्च माझा’ म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा. खर्च त्याचा झाला की बॅनर त्याचा, भाषणही त्याचं, आणि तुमच्या आजीबाईंच्या ओव्या शेवटच्या पाच मिनिटांत. आणि कामं वाटताना पुरुषमंडळींना विसरू नका हं. त्यांना हौस असते. चहाचं खातं त्यांच्याकडे द्या. साखर कमी-जास्त होईल, होऊ द्या.

हे सगळं वेळेवर केलेलं बरं, कारण जागाही टिकत नाहीत. दामोदर नाट्यगृह २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद झालं. रंगकर्मींनी त्याविरुद्ध आंदोलन केलं. तुमच्या इमारतीचे नकाशे अजून मंजूर व्हायचे असतील, तर बैठकीत पार्किंगबरोबर एका मोकळ्या दालनाचाही प्रश्न विचारा. आणि तो बाईने उभं राहून विचारावा. घराच्या कागदावर तुमचं नाव असेल तर बैठकीला तुम्हीच जा; ‘हे जाणार आहेत’ म्हणून घरी बसू नका.

पहिल्या कार्यक्रमाला वेळ कोणती? दुपारी चार ते साडेपाच चांगली, पण नोकरीवाल्या येऊ शकत नाहीत. रविवारी संध्याकाळी सहा ते सात हा मध्यममार्ग. एक तासाच्या वर नेऊ नका. ‘आणखी थोडं हवं होतं’ असं म्हणत माणसं उठली की पुढच्या वेळी येतात. सतरंज्या प्रत्येकीने आपापली आणावी, कोपऱ्याला दोऱ्याने नाव शिवून. आणि कार्यक्रम संपल्यावर लगेच आवराआवर करू नका. बायका खरं बोलतात ते उठता उठता, चपला शोधताना. ती पंधरा मिनिटं दिवा चालू राहू द्या.