जुन्या येझदीसाठी घरी बनवलेला एअर बॉक्स

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ ते १९९६ या काळात जावा आणि येझदी गाड्या तयार झाल्या. आज त्यांतल्या अनेक गाड्यांचा एअर फिल्टरचा डबा गंजलेला असतो किंवा हरवलेला. काहीजण त्याशिवायच गाडी चालवतात. हे धोक्याचे आहे.

एक लिटर पेट्रोल जळायला सुमारे ९,००० लिटर हवा लागते. या गाड्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनात ही हवा आधी क्रँककेसमध्ये शिरते, त्यामुळे धूळ थेट बेअरिंग आणि पिस्टन घासते. डबा धूळ अडवतो, शिवाय कार्बोरेटरला संथ हवा पुरवतो आणि आवाजही कमी करतो.

नवा डबा १ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियम पत्र्याचा करता येतो. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून फ्रेममध्ये बसवून पाहावा. जुना डबा मिळाला तर त्यात तांदूळ भरून आकारमान मोजावे आणि नव्याचे तेवढेच ठेवावे. सांधे रिव्हेटने जोडून पेट्रोल सोसणाऱ्या सीलंटने बंद करावेत. हवेचे तोंड चाकाच्या चिखलापासून दूर असावे. आत तेल लावलेला फोम बसवावा. कार्बोरेटरशी जोड रबरी नळी आणि क्लिपने घट्ट करावी.

शेवटी गाडी चालवून स्पार्क प्लग पाहावा. तपकिरी रंग योग्य, काळा म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा म्हणजे हवा जास्त. तेव्हा कार्बोरेटरमध्ये मोठा मेन जेट (पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) बसवल्याशिवाय गाडी पळवू नका, पिस्टन जाम होईल.