रात्रीच्या राखणीस कॅमेरा व एका बॅटरीचा हिशेब

भुईमुगाच्या शेंगा भरूं लागल्या म्हणजे आमच्या डोंगरपायथ्याच्या गांवांत दरसाल एक कज्जा उभा राहतो. सकाळीं चार ओळी उकरलेल्या सांपडतात; कोणी म्हणतो रानडुक्कर, कोणी म्हणतो शेजाऱ्याचीं गुरें. गेल्या हंगामांत आमच्या बांधाला लागून असलेल्या शेजाऱ्यावर हा आळ आला, आणि आळ घेणारे आम्हीच होतों. महसूल दप्तरांत असतां पंचनाम्यांच्या नकला करतांना ‘अज्ञात जनावर’ हे शब्द आम्हीं असंख्य वेळां उतरले होते. आतां स्वतःच्या शेतांतील जनावराचें नांव कळावें असें वाटूं लागलें.

जनावरानें स्वतःचें छायाचित्र स्वतःच काढावें ही युक्ति जुनी आहे. संयुक्त प्रांताच्या जंगल खात्यांतील एफ्. डब्ल्यू. चँपियन यांनीं वाटेवर तार ताणून वाघांचीं छायाचित्रें घेतलीं व १९२७ सालीं तीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. आज त्या तारेचें काम ‘पी. आय. आर.’ नांवाचा रुपयाएवढा डोळा करतो. भोंवतालच्या हवेहून ऊन असें शरीर समोरून हललें कीं तो इशारा देतो. त्याच्या जोडीस ‘ईएसपी ३२ कॅम’ हा छोटा कॅमेरा, स्मृतिपट्टी आणि माणसास न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा दिवा, एवढेंच सामान लागतें. कॅमेरा मात्र अवरक्त प्रकाश पाहूं शकणारा घ्यावा. नाहींतर सारीं चित्रें काळीं येतात.

खरी अडचण विजेची. डोळ्यास एक बॅटरी व कॅमेऱ्यास दुसरी ठेवली, तर एक आधीं संपते व दुसरी भरलेली असून व्यर्थ जाते. म्हणून फवारणी पंपाची १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी आम्हीं दोहोंसाठीं लावली. फवारणी नसेल त्या दिवसांत ती तशीही पडूनच असते.

पहिला प्रयोग तिसऱ्या रात्रींच बंद पडला, व नेमकें त्याच रात्रीं शेत उकरलें गेलें! कारण शोधण्यास कागद घेऊन बसलों. शिशाची बॅटरी निम्म्याखालीं रिती केल्यास लवकर नासते. तेव्हां ८,००० मिलिअँपिअर-तासांपैकीं ४,००० हीच खरी जमा. कॅमेरा सतत जागा ठेवला तर सुमारें १०० मिलिअँपिअर खातो; म्हणजे ४० तासांत जमा संपली. पुढें बॅटरी ओरबाडणें चाललें होतें, एवढेंच.

मग कॅमेरा झोंपवून ठेवला, तरी वीस दिवसांच्या पलीकडे मजल जाईना. चोर निघाला तो १२ व्होल्टांचे ५ व्होल्ट करणारा परिवर्तक. कॅमेरा कांहीं करीत नसतांही तो एकटाच सुमारें ८ मिलिअँपिअर खात होता. दिवसाचे १९२ झाले. जो नोकर काम नसतांना पगार घेतो तो हिशेबांत सहसा दिसत नाहीं, हें आमच्या ध्यानीं यावयास हवें होतें. बाजारांतील सामान्य पी. आय. आर. डोळा २० व्होल्टांपर्यंत थेट चालतो व एक दशांश मिलिअँपिअरहूनही कमी घेतो. म्हणून एकटा डोळाच बॅटरीवर जागा ठेवला, आणि त्याचा इशारा मिळाला म्हणजे ट्रान्झिस्टरची कळ परिवर्तकास व कॅमेऱ्यास वीज देईल अशी योजना केली. डोळ्यावरील पेंच फिरवून हा काळ २० सेकंदांचा ठेवला. रात्रीं ४० वेळां कॅमेरा जागा झाला व दिव्यासह १५० मिलिअँपिअर घेतले, तरी खर्च सुमारें ३३ मिलिअँपिअर-तास. डोळ्याचा व बॅटरी आपोआप उतरण्याचा खर्च मिळवून दिवसाचे ४४ धरले, तर जमा तीन महिने पुरते.

एकाच बॅटरीची एक खोड मात्र सांगितली पाहिजे. दिवा पेटतांच क्षणभर दाब खचतो. त्यानें कॅमेरा चित्र लिहिण्यापूर्वींच पुन्हां आरंभापासून सुरू होतो, किंवा डोळा बिचकून खोटा इशारा देतो. आमच्या पट्टीवर एका रात्रींत रिकाम्या शेताचीं शंभरावर चित्रें निघालीं. यावर उपाय असा कीं, डोळ्याची तार बॅटरीच्या टोंकापासून स्वतंत्र न्यावी, कॅमेऱ्याच्या तारा जाड व आंखूड ठेवाव्या, आणि त्याच्या जवळच १,००० मायक्रोफॅरडचा संधारक जोडावा. धन तारेवर बॅटरीलगत फ्यूज घालण्यास आळस करूं नये. शेतांत वाळलेला पाला असतो. विसावलेल्या बॅटरीचा दाब १२.२ व्होल्टांवर आला कीं ती निम्मी झाली असें समजून भरण्यास आणावी.

डबी गुडघ्याएवढ्या उंचीवर, उत्तरेकडे तोंड करून बांधली. पांचव्या रात्रीं, पावणेतीनच्या सुमारास, चित्र आलें. रानडुक्कर नव्हे आणि म्हैसही नव्हे. कांटे फिस्कारलेलें साळिंदर, तोंडांत आमचा वेल!

तें चित्र घेऊन आम्ही सकाळीं शेजाऱ्यांच्या ओट्यावर गेलों व बोललेले शब्द परत घेतले. त्यांनीं चित्र बराच वेळ पाहिलें, चहा सांगितला, आणि आपल्या रताळ्याच्या वाफ्यांकरितां डबी आठ दिवस मागितली. बॅटरी, म्हणाले, आमच्याच पंपाची लावूं.