चिंचोळीच्या माळावरील लपण

सोलापूरहून पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, मोहोळ तालुक्यात, चिंचोळीची औद्योगिक वसाहत आहे. 1962 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने राज्यातील ज्या उजाड जमिनींवर भूखंड आखले, रस्ते काढले आणि पाण्याच्या टाक्या उभ्या केल्या, त्यांतलीच ही एक; आणि महसुली दप्तरात जी जमीन पडीक वा पोटखराब म्हणून नोंदली जाते, तीच कारखानदारीस सोयीची ठरावी, हे ओघानेच आले. परंतु दप्तरातील पडीक जमीन निसर्गाच्या हिशेबी पडीक असतेच असे नाही. सोलापूर-मोहोळ पट्ट्यातील हा मुरमाड माळ आणि त्यावरील कुसळी व पवन्या गवत हे काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल, पखुर्डी, धाविक आणि एके काळी माळढोक यांचे पिढीजात वतन होय. या वतनदारांना जवळून पाहावयाचे म्हटले, तर पहिली अडचण अशी येते की, माळावर झाड नाही, झुडूप नाही, उभ्या माणसास लपावयास हातभर सावलीदेखील नाही, आणि काळविटाची नजर तर अशी की आपण त्यास पाहण्यापूर्वीच त्याने आपणास पाहिलेले असते. या अडचणीतून जी वस्तू जन्मास आली, तिचे नाव लपण.

लपणाचे कूळ शिकाऱ्याचे आहे, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. सोलापुरापासून फार दूर नसलेल्या कल्याणी येथे राज्य करणाऱ्या चालुक्य सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला, त्यात राजाच्या विनोदांमध्ये मृगयेस सविस्तर स्थान दिलेले आहे. राजवाड्याबाहेरची मृगया मात्र अधिक काटकसरीची आणि, माझ्या मते, अधिक बुद्धीची होती. दख्खनच्या माळांवर फासेपारधी शिकविलेल्या बैलाच्या आडून चालत. बैल चरत चरत पुढे सरके, त्याच्या पोटाआड माणूस सरके, आणि चरणाऱ्या जनावरास भिण्याचे कारण नसलेले पाखरू वा हरिण फाशाच्या टप्प्यात येई. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधील रिचर्ड आणि चेरी या कीर्टन बंधूंनी विसाव्या शतकाच्या आरंभी पक्ष्यांची छायाचित्रे घेण्यासाठी पेंढा भरलेल्या पोकळ बैलाचे सोंग तयार केले, आणि एकदा आत उभ्या असलेल्या रिचर्डास भोवळ येऊन तो बैल त्याच्यासकट कलंडला, असे सांगतात. त्या बैलाचे पाश्चात्य ग्रंथांत मोठे कौतुक होते. आमच्या पारध्याच्या जिवंत बैलाची, ज्याच्या कलंडण्याची मुळीच भीती नव्हती, नोंद झाली ती बहुधा पोलिसांच्या दप्तरात, कारण 1871 च्या कायद्याने सरकारने अशा जमातींच्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, आणि तो कायदा 1952 साली रद्द होईपर्यंत पुसला गेला नाही.

पुढे शिकारच कायद्याबाहेर गेली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने काळवीट व माळढोक यांना सर्वोच्च संरक्षण दिले, आणि 1991 च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांचे उरलेसुरले दारही बंद झाले. बंदूक गेली, लपण मात्र राहिले, आणि त्याच्या खिडकीत दुर्बीण व कॅमेरा येऊन बसले. हा बदलही तसा नवा नव्हे. 1930 साली सलीम अली यांनी अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरण पक्ष्याचा संसार अभ्यासला, तो शिडीच्या माथ्यावर आडोसा बांधून, त्यात तासन्‌तास बसून. आणि नराने घरटे विणावे, मादीने ते पारखावे, पसंत पडल्यावर बिऱ्हाड करावे, मग नराने दुसऱ्या घरट्यास हात घालावा, हा सगळा व्यवहार त्या एका आडोशातून उलगडला. सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या माळाकडे अभ्यासकांचे लक्ष गेले ते माळढोकामुळे. 1979 साली घोषित झालेल्या माळढोक अभयारण्याची हद्द 8,496 चौरस किलोमीटर इतकी अवाढव्य होती की तीत गावे, रस्ते, शेते सर्व आले, आणि पुढे ती सुमारे 1,222 चौरस किलोमीटरांवर आणावी लागली. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो पक्षी मात्र आता तेथे दिसला तर वर्तमानपत्रात बातमी होते.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे वळू. बाजारात विलायती धर्तीचे तयार तंबू मिळतात, त्यांच्यावर ओक वृक्षांच्या हिरव्या-तपकिरी पानांची छाप असते, आणि एप्रिलच्या सोलापुरी माळावर, जेथे मैलभर हिरवे पान नाही, तेथे तो तंबू लग्नाच्या मांडवासारखा उठून दिसतो. त्यापेक्षा वसाहतीच्या आसपासच्या भंगारवाल्याकडे जावे. तेथे गंजलेले लोखंडी पाइप व पट्ट्या, मालाच्या फळ्यांचे मोडके पॅलेट, फाटकी बारदाने, प्लॅस्टिकच्या विणलेल्या गोण्या, बांधणीच्या तारा यांचे ढीग असतात. उरले ते बांबू, सुतळी आणि काथ्या, ते कोणत्याही आठवडी बाजारात मिळतात. साडेतीन ते चार फूट चौरसाचा, साडेचार फूट उंचीचा सांगाडा एका माणसास पुरतो. त्याहून उंच बांधण्याचा मोह टाळावा, कारण माळावर क्षितिजरेषा अगदी खाली असते आणि तिच्यावर डोके काढणारी प्रत्येक वस्तू आकाशावर उमटते. चारी कोपऱ्यांचे खांब वीतभर तरी जमिनीत जावेत. मुरमात खोदकाम जिकिरीचे होते, तेव्हा खड्डे न काढता पायथ्याशी दगड रचून तारेने ताण दिला तरी चालते.

सांगाड्यावर बारदान चढवावे ते ताणून. सैल कापड वाऱ्यावर फडफडते, आणि माळावरच्या पशुपक्ष्यांस जितके भय आकाराचे, त्याहून किती तरी अधिक भय हालचालीचे. ताणलेल्या बारदानास तांबडमाती व शेणाचा पातळ लेप द्यावा, म्हणजे ते जमिनीच्या रंगास येते. नवे कृत्रिम कापड, किंवा पांढरेपणाच्या पावडरीत धुतलेली चादर, येथे कुचकामी. कारण पुष्कळ पक्ष्यांस माणसास न दिसणारे जंबुपार किरण दिसतात, आणि आपणास मळकट वाटणारे कापड त्यांच्या डोळ्यांत चकाकू शकते. मागची बाजू पूर्ण बंद व काळोखी असावी, नाहीतर पाठीमागून आलेल्या उजेडावर आतल्या माणसाची छाया उभी राहते आणि सारी मेहनत वाया जाते. पुढील बाजूस बसलेल्या डोळ्यांच्या उंचीवर आडवी फट ठेवावी, तिच्यावर जाळीदार कापड सोडावे; कॅमेऱ्याच्या नळीसाठी वेगळे भोक, त्यास बाहीसारखे कापड. वर झापे वा गोण्यांचे छप्पर घालताना हवेची वाट राखावी, कारण मे महिन्यात बंद लपणात बसणे म्हणजे भट्टीत बसणे, आणि ज्यास घाम पुसावयास दर दोन मिनिटांनी हात उचलावा लागतो, त्याने बारदान कितीही चोख बांधले तरी उपयोग नाही. लांडग्याची अपेक्षा असेल तर तोंड वाऱ्याकडे ठेवावे. छायाचित्र घ्यावयाचे तर सकाळचा सूर्य पाठीशी.

बारदानावर वरून कडबा लावण्याची पद्धत दिसावयास सुंदर, परंतु धोक्याची. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेले मालदांडी 35-1 हे ज्वारीचे वाण या भागात घरोघर, आणि त्याचा कडबा जनावरांस इतका प्रिय की लपण उभे करून आपण पाणी प्यावयास जावे तो एखादी म्हैस त्याची एक भिंत खाऊन मोकळी होते. तुरीच्या तुराट्या वा कपाशीच्या पऱ्हाट्या बऱ्या. त्या खाण्याजोग्या नाहीत, आणि वेड्यावाकड्या टोकांमुळे आकाराची कड मोडते.

ही कड मोडणे, हेच या विद्येचे मर्म मला वाटते. लपण अदृश्य करता येत नाही. उघड्या माळावर चार फुटांची वस्तू काळविटास दिसणारच. ती दुर्लक्ष करण्याजोगी मात्र करता येते, आणि येथे चिंचोळीसारख्या ठिकाणाचा लाभ असा की, तेथील प्राणी ढिगाऱ्यांना, पिंपांना, पडक्या शेडना सरावलेले असतात. जे लपण कचऱ्याच्या ढिगासारखे दिसते, त्यास ते ढिगासारखेच वागवितात. तरीही ते एका दिवसात अंगावर नेऊन ठेवू नये. प्रथम लांब उभे करावे, मग दिवसाआड थोडे थोडे जवळ सरकवावे, आणि तेही प्राणी जवळ नसताना. आत शिरताना दोघांनी जावे, एकाने लगेच परत फिरावे. पुष्कळ पक्षी आत गेलेल्यांचा आणि बाहेर आलेल्यांचा हिशेब ठेवीत नाहीत, माणूस गेला असे समजून परत येतात. महसूल खात्यातील एखाद्या कारकुनाने ही चूक कधी केली नसती.

पाणवठा किंवा नेहमीची चरण्याची जागा लपणास उत्तम. घरटे मात्र वर्ज्य. माळढोकाची मादी वर्षाकाठी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि तिला एकदा उठविले तर उन्हाने वा कावळ्याने त्याचा निकाल लागण्यास वेळ लागत नाही. धाविक आणि टिटवी यांचीही घरटी अशीच उघडी. अभयारण्याच्या हद्दीत लपण उभारावयाचे तर वनखात्याचा लेखी परवाना हवा, खासगी रानात मालकाची इजाजत, आणि वसाहतीच्या भूखंडालगत बसावयाचे असेल तर तेथील पहारेकऱ्यास आधीच कल्पना द्यावी, कारण बारदानात दडून दुर्बिणीने कारखान्याच्या दिशेने पाहणारा माणूस त्यास पक्षिनिरीक्षक वाटण्याची शक्यता थोडी.

काम संपले की लपण तेथे सोडून येऊ नये. उभे राहिलेले लपण पुढच्या वेळी दुसराच कोणी वापरतो, आणि त्याच्या खिडकीतून काय डोकावेल याची हमी आपण देऊ शकत नाही. सांगाडा सुटा करून पाइप भंगारात वा घरी, बारदान पुन्हा गुंडाळून, तुराट्या चुलीसाठी शेजारच्या वस्तीवर. तारांचे तुकडे मात्र वेचून घ्यावेत, ते चरणाऱ्या गुरांच्या पोटात जातात.