ब्रेकचे बोल्ट : सैल करणे व योग्य मापाने आवळणे

एक टन वजनाची मोटारगाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असता तिच्या ठायी सुमारे १,४०,००० जूल इतकी गतिज ऊर्जा असते. ब्रेक लावताच या ऊर्जेचे घर्षणाने उष्णतेत रूपांतर होते. बहुतेक गाड्यांच्या पुढील चाकांत हे कार्य तबकडीच्या ब्रेकने साधले जाते. चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीस कॅलिपर नावाचा चिमटा दोन्ही बाजूंनी दाबून धरतो. त्या वेळी फिरती तबकडी कॅलिपरला आपल्याबरोबर ओढू पाहते. या ओढीस तोंड देऊन कॅलिपरची चौकट जागच्या जागी ठेवण्याचे काम सामान्यतः दोन बोल्ट करतात. हे बोल्ट तबकडीच्या मागे, गाडीच्या आतील अंगास असतात. तेथे हात नीट पोहोचत नाही व दृष्टीही पोहोचत नाही. म्हणूनच त्यांच्या बाबतीत केवळ हाताच्या अंदाजावर विसंबणे धोक्याचे ठरते.

बोल्ट ही एक स्प्रिंगच होय

बोल्ट म्हणजे दोन भागांतून आरपार घातलेली खुंटी, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः आवळलेला बोल्ट हा ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो. स्प्रिंगचा ताण तिच्या वाढलेल्या लांबीच्या प्रमाणात असतो, हा नियम रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. पोलादी बोल्टासही तो लागू पडतो. डोक्यावर ८.८ हा अंक कोरलेला, १२ मिलिमीटर जाडीचा बोल्ट योग्य रीतीने आवळला असता त्यात सुमारे साडेतीन टन वजनाइतका ताण निर्माण होतो. तरीही त्याची लांबी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीही वाढत नाही.

या ताणामुळे चौकट आणि चाकाचा आधार एकमेकांवर घट्ट दाबले जातात व त्यांच्यातील घर्षणच चौकटीला सरकू देत नाही. ताण कमी पडला तर चौकट प्रत्येक ब्रेकसरशी किंचित हलते, बोल्टावर उलटसुलट भार पडू लागतो आणि तो हळूहळू सैल होतो किंवा थकून तुटतो. ताण फाजील झाला तर बोल्ट कायमचा लांबतो, अथवा आटे उखडतात. दोन्हींचा परिणाम एकच : ऐन प्रसंगी ब्रेक निकामी होण्याचा संभव.

हा ताण प्रत्यक्ष मोजणे कठीण असल्यामुळे बोल्ट फिरविण्यास लागणारे परिबल, म्हणजेच टॉर्क, मोजला जातो. पान्याची लांबी व त्याच्या टोकास काटकोनात लावलेले बल यांचा गुणाकार म्हणजे हे परिबल होय. वर सांगितलेल्या बोल्टास सुमारे ९० न्यूटन-मीटर परिबल लागते. मात्र त्यातील जवळजवळ नऊ-दशांश भाग डोक्याखालील व आट्यांमधील घर्षणात खर्च होतो. केवळ एक-दशांशच ताण उत्पन्न करतो. म्हणून कोरड्या आट्यांकरिता दिलेला आकडा तेल लावलेल्या आट्यांना वापरू नये. घर्षण घटल्यामुळे त्याच परिबलाने ताण मर्यादेबाहेर जातो.

गंजलेला बोल्ट सैल करताना

लोखंडाहून गंजाचे आकारमान अधिक असते. त्यामुळे आट्यांमधील फटी भरून जातात व बोल्ट जखडला जातो. अशा वेळी प्रथम तारेच्या ब्रशाने उघडे आटे साफ करावेत, मग गंज सोडविणारे पातळ तेल लावून काही काळ थांबावे. केशाकर्षणाने ते तेल फटींत शिरते. मात्र हे तेल तबकडीस किंवा ब्रेकच्या पॅडांस लागता कामा नये. रबरी नळी जवळच असल्याने ज्योतीने तापविण्याचा मोहही टाळावा.

बोल्टाच्या डोक्यावर सहा कोनी गोटी पाना पूर्णपणे बसवावा. बारा कोनी पान्याने झिजलेले कोपरे लवकर गोल होतात. स्थिर घर्षण हे गतिज घर्षणापेक्षा अधिक असल्याने पहिला हिसकाच जड जातो. त्याकरिता अधिक लांब दांडा घ्यावा. फिरविण्याची दिशा नेहमी बोल्टाच्या डोक्याच्या बाजूने पाहून ठरवावी. चाकासमोर उभे राहून पाहिल्यास ती उलट भासते व सैल करावयाचा बोल्ट अधिकच आवळला जातो. गाडी केवळ जॅकवर ठेवून हे काम कदापि करू नये. तिला भक्कम स्टँडचा आधार द्यावा आणि इतर चाकांना अडसर लावावेत. सुटलेला कॅलिपर नळीवर लोंबू न देता तारेने बांधून ठेवावा.

अडचणीच्या जागी आवळताना

बोल्टाच्या अक्षाच्या रेषेत सरळ जोडदांडी लावली, तर टॉर्क पान्यावरील आकडा बदलत नाही. परंतु पान्याच्या पुढे वाढविलेले तोंड जोडल्यास तरफेची लांबी वाढते. पाना ४० सेंटिमीटरचा व जोड त्याच रेषेत ५ सेंटिमीटरचा असेल, तर ९० न्यूटन-मीटर मिळविण्यासाठी पाना ८० वर लावावा लागतो. तोच जोड पान्याशी काटकोनात ठेवला, तर फरक नगण्य राहतो.

प्रथम बोल्ट बोटांनी काही फेरे फिरवावा, म्हणजे आटे तिरपे बसत नाहीत. मग दोन्ही बोल्ट टेकवून घ्यावेत व शेवटी टॉर्क पान्याने संथपणे ओढून निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकड्यापर्यंत आवळावेत. ‘खट्‌’ असा आवाज येताच थांबावे. पुन्हा ओढू नये. जे बोल्ट एकदाच वापरावेत असे पुस्तिकेत सांगितलेले असते, त्यांच्या जागी नवेच घालावेत. काम संपल्यावर गाडी हलविण्यापूर्वी ब्रेकचे पायडल घट्ट लागेपर्यंत अनेक वेळा दाबावे.

अनुभवी कारागिराचा हात मोलाचा असतो यात शंका नाही. परंतु न दिसणाऱ्या जागी, वाकलेल्या अंगाने व अपुऱ्या जागेत तोच हात फसू शकतो. पान्यावरील माप मात्र उजेडात व अंधारात सारखेच असते.