कर्नल अपडेट झालं आणि दुकानाचं वायफाय गेलं, तर?

आजच्या व्हिडिओत सगळ्या कमांड स्क्रीनवर टाइप करून दाखवल्या आहेत, त्या तिथूनच बघून घ्या. इथे मी त्या का टाकायच्या ते लिहितोय. कारण समजलं नाही तर पुढच्या वेळी पुन्हा तिथेच अडकाल.

आधी माझी फजिती सांगतो. जुलैचा शेवटचा आठवडा होता. आपल्या झरी जामणीत त्या दिवसांत ऑनलाइन कामाच्या दुकानात काय गर्दी असते, तुम्हाला माहीतच आहे. खरिपाच्या पीक विम्याची मुदत अनेकदा 31 जुलैला संपते, आणि शेतकरी सातबारा, पासबुक घेऊन सकाळी सातपासून बाहेर उभे. आदल्या रात्री मी दुकान बंद करता करता अपडेटला ‘हो’ म्हटलं होतं. सकाळी मशीन चालू केली, तर वायफायचं चिन्हच गायब! राउटर चालू, मोबाईलला नेट मिळतंय, फक्त कॉम्प्युटरलाच नाही. मला वाटलं डोंगल जळला. म्हणून नवीन आणायला वणीला माणूस पाठवला. अर्धा दिवस गेला, किती गिऱ्हाईक परत गेले ते मोजलं नाही. डोंगल मात्र ठणठणीत होता.

मग झालं काय होतं? लिनक्समध्ये कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा. कीबोर्ड, प्रिंटर, वायफाय, सगळ्यांशी तोच बोलतो. प्रत्येक उपकरणासाठी त्याला ड्रायव्हर लागतो, आणि तो ड्रायव्हर त्या ठरावीक कर्नलच्या मापानेच शिवलेला असतो. प्रत्येक कर्नलचं ड्रायव्हरचं फोल्डर वेगळं. नवं कर्नल येतं तेव्हा ते स्वतःचे ड्रायव्हर नव्या फोल्डरात घेऊन येतं. पण तुम्ही बाहेरून आणून बसवलेला ड्रायव्हर जुन्याच फोल्डरात राहतो. तो डिलीट झालेला नसतो, खराबही झालेला नसतो. मागे राहिलेला असतो, बस!

म्हणून आधी आपला ड्रायव्हर घरचा की बाहेरचा ते बघा. इंटेलची बहुतेक वायफाय कार्डं घरच्या, म्हणजे कर्नलसोबत येणाऱ्या ड्रायव्हरवर चालतात, त्यांना हा त्रास सहसा होत नाही. जुन्या लॅपटॉपमधली बरीच ब्रॉडकॉमची कार्डं आणि रिअलटेकच्या चिपचे कित्येक यूएसबी डोंगल बाहेरच्या ड्रायव्हरवर चालवले जातात. आतलं कार्ड ‘एलएसपीसीआय’ने दिसतं, डोंगल ‘एलएसयूएसबी’ने.

आता समजा वायफाय गेलंच आहे आणि काउंटरसमोर माणसं उभी आहेत. अशा वेळी दुरुस्ती करत बसू नका. मशीन रीस्टार्ट करा, सुरू होताना शिफ्ट दाबून धरा. मशीन नव्या पद्धतीची असेल तर एस्केप. एक मेनू येईल, त्यात ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा आणि यादीतलं आधीचं कर्नल निवडा. उबुंटू आणि मिंट साधारणपणे मागचं एक कर्नल ठेवतातच. जुनं कर्नल, जुनं फोल्डर, जुना ड्रायव्हर. पाच मिनिटांत वायफाय परत. दिवसभर त्यावर धंदा करा, बाकीचं रात्री बघू. (मला त्या दिवशी एवढं माहीत असतं तर!)

रात्री शटर ओढल्यावर नव्या कर्नलमध्ये या. नेट नाही तर ड्रायव्हर उतरवायचा कसा? अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. कॉम्प्युटरला ते वायरचं नेट दिसतं, वायफायचा ड्रायव्हर लागतच नाही. केबल मात्र डेटावाली हवी, नुसती चार्जिंगची चालत नाही.

मग ‘यूनेम हायफन आर’ टाकून कोणतं कर्नल चालू आहे ते बघा आणि त्याच नंबरचे हेडर्स बसवा. हेडर्स म्हणजे नव्या कर्नलचं माप. मापच नसेल तर शिंपी शिवणार काय? माझ्याकडे नेमके तेच नव्हते. हा शिंपी म्हणजे डीकेएमएस. डेल कंपनीच्या लिनक्स टीमने बनवलेली ही सोय प्रत्येक नव्या कर्नलसाठी बाहेरचा ड्रायव्हर आपोआप पुन्हा तयार करते. अट दोनच: ड्रायव्हर बसवताना तो डीकेएमएसमधून बसवलेला हवा, आणि हेडर्स जागेवर हवेत. ‘लिनक्स हेडर्स जेनेरिक’ हे पॅकेज एकदा टाकून ठेवा, म्हणजे नेहमीच्या जेनेरिक कर्नलसोबत हेडर्स येत राहतात. एचडब्ल्यूई कर्नल वापरत असाल तर त्याच्या जोडीचं पॅकेज घ्या.

कधी कधी हेडर्स असूनही ड्रायव्हर तयार होत नाही. कर्नल बनवणारे आतली फंक्शन्स बदलतात, बाहेरच्या ड्रायव्हरसाठी ते थांबत नाहीत. 6.8 मध्ये ‘एसटीआरएलसीपीवाय’ नावाचं एक जुनं फंक्शन काढून टाकलं गेलं, आणि ते वापरणारे जुने ड्रायव्हर त्यावर तयार होईनात. मजा अशी की उबुंटू 22.04 वाल्यांची मशीन 5.15 वर सुरू झालेली, पण एचडब्ल्यूई कर्नलमुळे ती पुढे 6.8 पर्यंत आली. अशा वेळी ड्रायव्हरची नवी आवृत्ती घ्यावी लागते. उलटही होतं बरं का. 6.2 पासून रिअलटेकच्या काही यूएसबी चिप कर्नलमध्येच आल्या. तुमची चिप त्यात असेल तर बाहेरचा ड्रायव्हर काढूनच टाका, दोन ड्रायव्हर एका डोंगलवर भांडतात.

आणखी एक जागा, जिथे लोक हमखास फसतात: सिक्युअर बूट. ड्रायव्हर तयार होतो पण लोड होत नाही. बसवताना पासवर्ड विचारला जातो आणि रीस्टार्टला निळी स्क्रीन येते. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. आपण घाबरून ‘कंटिन्यू’ दाबतो आणि मग वायफाय का नाही म्हणून डोकं धरतो.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून जुन्या मशीनवर मिंट टाकून धंदा सुरू करू का, असं बरेच जण विचारतात. करा. (अंगठ्याच्या मशीनचं काम असेल तर ते त्यावर चालतं का ते आधी तपासा, मी त्यासाठी वेगळी मशीन ठेवतो.) टर्मिनलची भीती वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीत आहेत, फुकट. आणि डोंगल घेताना खोक्यावरचं नाव बघू नका, आतल्या चिपचा नंबर विचारा. एकाच मॉडेलच्या दुसऱ्या व्हर्जनमध्ये चिप वेगळी निघू शकते.

खरं सांगू? राउटर त्याच खोलीत असेल तर सरळ लॅनची वायर ओढा. वायरच्या नेटचा ड्रायव्हर बहुतेक वेळा कर्नलमध्येच असतो. मी शेवटी तेच केलं, वायफाय आता फक्त राखीव.

तरी वायफायवरच असाल तर हंगामापुरतं कर्नल ‘एपीटी मार्क होल्ड’ने थांबवून ठेवा. गर्दी ओसरली की होल्ड काढायला विसरू नका, सुरक्षेची दुरुस्ती त्याच अपडेटमधून येते. ‘ऑटोरिमूव्ह’ चालवण्याआधी मागचं एक कर्नल शिल्लक राहतंय ना, ते बघा. आणि अपडेट शनिवारी रात्री करा, म्हणजे रविवार हातात राहतो. माझ्या सीपीयूवर एक कागद चिकटवलाय: चालणाऱ्या कर्नलचा नंबर, चिपचा नंबर, ड्रायव्हरचं नाव. मी गावाला गेलो तर दुकानातला पोरगा तेवढ्यावर काम काढतो.